कारखान्यातील यंत्र : स्थावर की जंगम?

‘स्थावर-जंगम’ हा जोडशब्द आपल्या भाषेत फार जुना आहे. पुराणिकाच्या तोंडी तो अवघ्या सृष्टीला उद्देशून येतो. वृक्ष-पर्वत एका जागी उभे असतात म्हणून ते स्थावर, आणि प्राणिमात्र हिंडतात-फिरतात म्हणून ते जंगम. पुढे हाच शब्द कोर्टकचेरीत शिरला आणि मालमत्तेला लागू झाला. शेतवाडी, घरदार, विहीर ही स्थावर. दागदागिने, भांडीकुंडी, गाडीबैल ही जंगम. वाटणीपत्र लिहिताना ही दोन सदरे आपण सहज पाडतो आणि कोणती वस्तू कोणत्या सदरात घालावी याविषयी सहसा दुमत होत नाही.

परंतु गेल्या दीड-दोनशे वर्षांत मनुष्याने अशा काही वस्तू निर्माण केल्या की त्यांना कोणत्या सदरात बसवावे हे ठरविताना मोठमोठ्या न्यायाधीशांनाही विचार करावा लागला. काँक्रीटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी आवळलेले, एखाद्या आगगाडीसारखे लांबलचक कागदाचे यंत्र; केवळ स्वतःच्या वजनाने जमिनीवर बसलेली तेलाची प्रचंड टाकी; इमारतीच्या गच्चीवर उभारलेला मोबाइलचा मनोरा. ही स्थावर म्हणावीत की जंगम? प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कोट्यवधी रुपयांचा कर अवलंबून असतो, आणि म्हणूनच तो पुनःपुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

कराचा आणि या प्रश्नाचा संबंध कसा येतो, ते आधी पाहू. आपल्याकडे १९४४ च्या कायद्याने जी केंद्रीय अबकारी जकात, म्हणजे उत्पादन शुल्क, बसविण्यात आली, ती ‘माल’ तयार करण्यावर होती. माल म्हणजे जंगम वस्तू. जी बाजारात नेता येते, विकता येते, अशी वस्तू. कारखान्यात साबण तयार झाला, जकात द्या. पत्रा तयार झाला, जकात द्या. पण कोणी इमारत बांधली तर तो माल नव्हे, त्यावर उत्पादन शुल्क नाही. उलट, इमारत किंवा जमीन विकावयाची तर खरेदीखत करावे लागते आणि त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. जंगम वस्तू मात्र हातोहात दिली की व्यवहार पुरा होतो. तिसरा कर नगरपालिकेचा. घरपट्टी ही जमीन आणि इमारत यांवर असते; घरातल्या कपाटावर ती बसत नाही.

आता यातील गंमत अशी की, एकाच वस्तूविषयी निरनिराळ्या करांत निरनिराळ्या पक्षांचा स्वार्थ निरनिराळा असतो. उत्पादन शुल्काच्या दाव्यात सरकार म्हणते, हे यंत्र जंगम आहे, हा माल आहे. आणि कारखानदार म्हणतो, छे, हे तर जमिनीत रुतलेले स्थावर आहे. मुद्रांक शुल्काच्या दाव्यात तोच कारखानदार म्हणतो, यंत्र जंगम आहे. आणि सरकार म्हणते, ते स्थावर आहे. वारा वाहील तशी पाठ फिरवावी, तसा हा प्रकार. म्हणूनच या विषयात कोणत्याही पक्षाच्या शब्दावर विसंबून चालत नाही. वस्तूकडेच नीट पाहावे लागते. आणि कसे पाहावे, याच्या कसोट्या न्यायालयांनी हळूहळू घडविल्या आहेत.

कायद्याचे शब्द काय आहेत? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘जमिनीला जोडलेले’ याचे तीन अर्थ सांगितले आहेत. पहिला, झाडाझुडपांप्रमाणे जमिनीत मूळ धरलेले. दुसरा, भिंती व इमारती यांप्रमाणे जमिनीत रोवलेले. तिसरा, अशा रोवलेल्या वस्तूचा कायमचा लाभदायक उपभोग घेता यावा म्हणून तिला जोडलेले. दाराला बसविलेली झडप, भिंतीत बसविलेली खिडकी ही तिसऱ्या प्रकारची उदाहरणे होत. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्यात स्थावर मालमत्तेमध्ये जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, आणि जमिनीला जोडलेल्या किंवा अशा जोडलेल्या वस्तूला कायम बांधलेल्या वस्तू, यांचा समावेश केला आहे. जे स्थावर नाही ते सारे जंगम.

शब्द सोपे आहेत. अडचण आहे ती त्यांतील ‘कायम’ आणि ‘लाभदायक उपभोग’ या दोन कल्पनांत. एक साधे उदाहरण घ्या. त्याच १८८२ च्या कायद्याने उभे इमारती लाकूड, उभे पीक आणि गवत ही स्थावरातून वगळली आहेत. झाड तर जमिनीत मूळ धरून उभे असते. मग सागाचे उभे झाड स्थावर नाही असे कसे? याचा उलगडा नागपूर उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश न्यायमूर्ती विवियन बोस यांनी १९५८ साली सर्वोच्च न्यायालयातील एका निकालात केला. जंगलातील झाडे तोडून नेण्याच्या हक्काचा तो वाद होता. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा : जे झाड लवकरच तोडावयाचे आहे, ज्याला जमिनीतून यापुढे वाढीसाठी रस घ्यावयाचा नाही, ते मुळावर उभे असले तरी लाकूडच, पण जे झाड पुढेही फळे-फुले देत, वाढत राहावयाचे आहे ते स्थावर. म्हणजे कोकणातल्या बागेतला फळता आंबा आणि तोडीला आलेला साग हे दोन्ही एकाच मातीत उभे असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची जात वेगळी. मुळे किती खोल आहेत यापेक्षा झाड तेथे कशासाठी उभे आहे, हे महत्त्वाचे ठरले.

हाच विचार यंत्रांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये पूर्वीच झाला होता. १८७२ साली एका लोकरीच्या गिरणीच्या मालकाने गहाण टाकलेल्या गिरणीतील मागांचा प्रश्न तेथील न्यायालयापुढे आला. माग फरशीला खिळ्यांनी ठोकून बसविले होते. गिरणी गहाण घेणारा म्हणाला, माग गिरणीबरोबर माझेच. इतर सावकार म्हणाले, माग जंगम आहेत, ते आमचे. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दोन गोष्टी पाहाव्या असे सांगितले : वस्तू किती व कशी जोडली आहे, आणि ती कोणत्या हेतूने जोडली आहे. त्यांनी दिलेले दृष्टांत आजही वकील उद्धृत करतात. चुन्याशिवाय एकावर एक रचलेल्या दगडांची कुंपणाची भिंत असेल तर ते दगड जमिनीचा भाग होत. पण तेच दगड बांधकाम-व्यावसायिकाच्या आवारात सोयीसाठी रचून ठेवले असतील तर ते जंगमच. उलट, जहाजाचा नांगर समुद्रतळात घट्ट रुतलेला असला तरी तो जमिनीचा होत नाही. तो जहाज थोपवून धरण्यासाठी रुतवलेला असतो. माग मात्र गिरणी ही गिरणी म्हणून अधिक चांगली चालावी यासाठी ठोकलेले होते, म्हणून ते गिरणीचा भाग ठरले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कसोट्या मुळात कराच्या नव्हेत. गहाणदार आणि सावकार, घरमालक आणि भाडेकरू, वारस आणि वारस यांच्या भांडणांतून त्या निघाल्या. कराधिकाऱ्याने आणि कारखानदाराने त्या पुढे उसन्या घेतल्या. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घातला की तो कुठे ना कुठे दाटतो, तसे या कसोट्यांचे कराच्या क्षेत्रात अनेकदा झाले.

आपल्याकडील काही निकाल आता क्रमाने पाहू. साखर कारखान्यांत मळीतून उरलीसुरली साखर काढून घेण्यासाठी उभ्या आकाराचा एक प्रचंड क्रिस्टलायझर बसवितात. कोल्हापूर-बेळगावकडील श्रोत्यांच्या तो पाहण्यात असेल. त्याचे भाग सुटे आणून कारखान्याच्या जागेवर, पायावर जोडून उभे केले जातात. यावर उत्पादन शुल्क बसावे काय, हा प्रश्न १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने विक्रेयतेची कसोटी लावली. जी वस्तू आहे त्या स्थितीत बाजारात नेऊन विकता येत नाही, जिला विकण्यासाठी पुन्हा सुटी करावी लागते, तिला माल म्हणता येत नाही. तो क्रिस्टलायझर जागेवरच आकाराला येतो. म्हणून त्यावर शुल्क नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्टीच्या यंत्रांविषयी २००४ साली असाच निर्णय झाला. भट्टीतून लोखंडाचा तप्त रस बाहेर काढण्यासाठी तोंड उघडणारी आणि नंतर ते मातीने बुजविणारी ही यंत्रे. ती २५ फूट उंचीच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर भट्टीशेजारीच जोडावी लागत. अन्यत्र जोडून उचलून आणता येणार नाहीत इतकी ती अवजड. ती स्थावर ठरली. वाफेच्या टर्बाइनला विजेचा आल्टर्नेटर जोडून जो संच होतो, त्याविषयी २००० साली न्यायालयाने म्हटले की तो संच पायावर बसविल्यावरच अस्तित्वात येतो. त्याआधी असतात ते केवळ त्याचे भाग.

यावरून कोणी म्हणेल की जे पायावर बसविले ते सारे स्थावर. पण तसे नाही. हैदराबादच्या श्रोत्यांना सिरपूर-कागजनगरचे नाव परिचित आहे. चंद्रपूरकडून हैदराबादला जाताना हे स्थानक लागते. तेथील कागद गिरणीने काही भाग विकत घेऊन व काही स्वतः तयार करून कागदाचे एक यंत्र उभारले. हैदराबादच्या अबकारी अधिकाऱ्यांनी त्यावर शुल्क मागितले. गिरणीचे म्हणणे, यंत्र काँक्रीटच्या पायात घट्ट बसविले आहे, सबब ते स्थावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने यावर घरगुती दाखला दिला. घरातील पाण्याचा पंपसुद्धा सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेला असतो. तो नीट चालावा आणि चोरीस जाऊ नये म्हणून. एवढ्याने काय पंप स्थावर झाला? १९९७ च्या डिसेंबरातील त्या निकालाचा सारांश हाच होता. यंत्र अधिक चांगले चालावे म्हणून जमिनीला जोडले, एवढ्याच कारणाने ते स्थावर होत नाही. ते खोलून विकता येते, तेव्हा तो माल आहे.

लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या मनात येथे शंका येईल. क्रिस्टलायझर खोलल्याशिवाय विकता येत नाही म्हणून तो माल नाही. आणि कागदाचे यंत्र खोलून विकता येते म्हणून तो माल आहे! दोन्ही निकालांत एकाच वर्षाचे अंतर. ही विसंगती वकिलांनाही जाणवली, आणि पुढील कित्येक दाव्यांत एका पक्षाने साखरेच्या यंत्राचा निकाल पुढे करावा आणि दुसऱ्याने कागदाच्या यंत्राचा, असे चालले. २००२ च्या जानेवारीत केंद्रीय अबकारी मंडळाने एक आदेश काढून काही मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. पोलाद, सिमेंट, वीज यांचे संपूर्ण कारखाने जागेवर उभारून देण्याचे काम म्हणजे माल नव्हे, असे त्यात स्पष्ट केले. तरीही मधला पट्टा धूसरच राहिला.

या धूसर पट्ट्यात २०१० सालच्या एका निकालाने बराच प्रकाश पाडला. रस्त्यावर घालण्यासाठी डांबर व खडी तापवून मिसळणारे संयंत्र आपण रस्त्याच्या कडेला पाहतो. त्याच्या जोडणीवर शुल्क बसावे काय, असा प्रश्न अहमदाबादच्या अबकारी अधिकाऱ्यांनी उपस्थित केला होता. ते संयंत्र फक्त दीड फूट खोलीच्या पायावर बोल्टांनी बसविलेले असे. न्यायालयाने विचारले, हा पाया कशासाठी? तर यंत्र चालताना हादरून डळमळू नये, यासाठी. त्या जमिनीचा उपभोग अधिक चांगला व्हावा, असा हेतू त्यात मुळीच नाही. शिवाय एका रस्त्याचे काम संपले की ते संयंत्र उचलून दुसऱ्या कामावर न्यावयाचे असते. ज्याच्या उभारणीच्या वेळीच त्याचे प्रस्थान ठरलेले आहे, ते कायम जोडलेले कसे म्हणावे? सबब ते जंगम, आणि शुल्कास पात्र. भिंतीला खिडकी बसवितात ती भिंतीसाठी. यंत्राला पाया घालतात तो यंत्रासाठी. हा भेद एकदा मनात ठसला म्हणजे पुष्कळ कोडी सुटतात.

पण सगळी सुटत नाहीत. मुंबईत तुर्भ्याला इंडियन ऑइल कंपनीच्या पेट्रोलियम पदार्थांच्या साठवणुकीच्या टाक्या आहेत. मुंबई महानगरपालिकेने त्यांवर मालमत्ता कर आकारला. कंपनीने हरकत घेतली की टाक्या जमिनीत रोवलेल्या नाहीत, त्यांना नटबोल्टसुद्धा नाहीत. त्या केवळ आपल्या वजनाने बसल्या आहेत. उच्च न्यायालयाने हे मानले; सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ते फिरविले. कायमपणा ही खरी कसोटी, असे न्यायालय म्हणाले. वस्तू आहे त्याच स्थितीत दुसऱ्या ठिकाणी नेऊन वापरता येते काय? येत असेल तर ती जंगम. की ती मोडून, सुटी करून दुसरीकडे पुन्हा उभारावी लागते? तसे असेल तर ती जमिनीला जोडलेली समजावी. टाक्या उभारल्यापासून हलल्या नव्हत्या, हलविण्याचा विचारही नव्हता. त्यांवर घरपट्टी लागू झाली. म्हणजे एकही बोल्ट नसलेली टाकी स्थावर, आणि बोल्टांनी जखडलेले डांबराचे संयंत्र जंगम! ब्लॅकबर्न साहेबांच्या रचलेल्या दगडांची आणि रुतलेल्या नांगराची येथे आठवण व्हावी.

मुद्रांक शुल्काच्या बाजूचा एक निकालही बोधप्रद आहे. कानपूरजवळ पनकी येथे खतांचा एक मोठा कारखाना होता. १९९३-९४ च्या सुमारास तो चालता धंदा म्हणून विकला गेला. व्यवहार असा केला होता की यंत्रसामग्रीचा ताबा आधीच हातोहात द्यावयाचा, आणि नंतरच्या खरेदीखतात केवळ जमीन व इमारती यांचाच उल्लेख करावयाचा. म्हणजे अवाढव्य यंत्रसामग्रीवर मुद्रांक शुल्क नको. जिल्हाधिकाऱ्यांना हे मान्य झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या डिसेंबरात जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. खत तयार करण्याचा धंदा चालावा म्हणून ही यंत्रे रोवली होती. रोवताना ती पुढे काढून न्यावयाची असा हेतू नव्हता. उद्या काढता येतील, एवढ्यावरून ती आज जंगम ठरत नाहीत. येथे निर्णायक ठरला तो उभारणाऱ्याचा हेतू, आणि तोही कागदावर लिहिलेला नव्हे तर वस्तुस्थितीवरून दिसणारा.

आता सर्वांत अलीकडचे आणि सर्वांत गाजलेले प्रकरण, मोबाइलच्या मनोऱ्यांचे. येथे पक्षांच्या भूमिका पुन्हा उलटल्या. दूरसंचार कंपन्या मनोरे व त्यांजवळच्या तयार खोल्या विकत घेत. त्यांच्या किमतीत उत्पादन शुल्क आलेले असे. पुढे त्या ग्राहकांकडून सेवाकर गोळा करून सरकारात भरीत. २००४ च्या नियमांप्रमाणे आधी भरलेल्या शुल्काची वजावट पुढच्या करातून घेता येई. एकाच गोष्टीवर कराचा थर चढत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण ही वजावट मिळे ती मालावर. मग सरकार म्हणू लागले, मनोरा जमिनीला जोडला की तो स्थावर झाला, वजावट कसली? आणि कंपन्या म्हणू लागल्या, तो जंगम आहे. पुणे विभागातून निघालेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये नेमका उलट. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एकच मनोरा पुण्यात स्थावर आणि दिल्लीत जंगम!

हा पेच सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२४ रोजी सोडविला. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्या पीठाने आधीच्या निकालांतील तत्त्वे एकत्र करून सहा कसोट्या मांडल्या. वस्तू कशा प्रकारे जोडली आहे. कोणत्या उद्देशाने जोडली आहे. जोडणाऱ्यांचा अभिप्राय काय होता. जोडणी वस्तूच्या कार्यक्षमतेसाठी आहे काय. ती कायमची आहे की तात्पुरती. आणि ती वस्तू सुटी करून बाजारात विकण्याजोगी आहे काय. मनोऱ्याला या कसोट्या लावल्या तेव्हा असे दिसले की, अँटेना उंचावर आणि वाऱ्यावादळात स्थिर राहावी म्हणून मनोरा पायाला किंवा गच्चीला बोल्टांनी बांधतात. त्यात जमिनीचा किंवा इमारतीचा काहीच लाभ नाही. बोल्ट काढून तो दुसरीकडे उभारता येतो. या हलवाहलवीत तारांची नासधूस झाली तरी ती मनोऱ्याची नव्हे. म्हणून मनोरा जंगम, माल, आणि अँटेनेला साहाय्यभूत वस्तू. वजावट मिळावी, असा निकाल झाला.

तुर्भ्याच्या टाकीची कसोटी येथे जशीच्या तशी लावली असती तर? मनोराही सुटा करूनच हलवावा लागतो. तेव्हा निष्कर्ष असा निघतो की सहांपैकी कोणतीही एक कसोटी एकटीने निकाल देत नाही. सोन्याचा कस पाहणारा सराफ केवळ रंग पाहून थांबत नाही. कसोटीवर घासतो, वजन करतो, नाद ऐकतो. तसेच हे आहे. सर्व कसोट्यांचा एकत्रित कौल घ्यावयाचा.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. हाच मोबाइल मनोरा घरपट्टीसाठी ‘इमारत’ या शब्दात येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ रोजी गुजरातमधील महानगरपालिकांच्या प्रकरणात म्हटले होते. तेथे प्रश्न होता तो घटनेतील राज्यसूचीच्या ‘जमिनी व इमारती’ या नोंदीचा. आणि घटनेतील शब्द व्यापक अर्थाने वाचावयाचे असतात. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तर सांगितले की दूरसंचाराचे जाळे ज्या मालमत्तेवर उभारले असेल त्या मालमत्तेचा ते भाग समजू नये, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. एकाच वस्तूला निरनिराळ्या कायद्यांत निरनिराळे रूप मिळते याचे आश्चर्य वाटू नये. प्रत्येक कराचा हेतू वेगळा, म्हणून शब्दांची व्याप्तीही वेगळी. खटकावे असे आहे ते वेगळेच : एकाच कराखाली, एकाच शब्दाचा अर्थ सोयीप्रमाणे बदलणे.

१ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवरील उत्पादन शुल्क आणि सेवाकर हे दोन्ही वस्तू व सेवा करात विलीन झाले. त्यामुळे माल की स्थावर, हा वाद शुल्क आकारणीत मावळला. परंतु वजावटीच्या दाराने तो पुन्हा घरात आला. नव्या कायद्याने स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरील कराची वजावट नाकारली आहे. मात्र ‘संयंत्र व यंत्रसामग्री’ यांना सूट दिली आहे, आणि पायाने किंवा आधाराने जमिनीला जोडलेली यंत्रे, त्यांच्या पाया-आधारांसह, त्या सुटीत घातली आहेत. म्हणजे कागदाच्या यंत्राच्या पायाचा जुना वाद कायद्यानेच मिटविला. पण त्याच व्याख्येतून जमीन, इमारती, इतर बांधकामे, दूरसंचाराचे मनोरे आणि कारखान्याच्या आवाराबाहेरील नळवाहिन्या वगळल्या आहेत.

या तरतुदीच्या एका उपवाक्यात ‘संयंत्र व यंत्रसामग्री’ऐवजी ‘संयंत्र किंवा यंत्रसामग्री’ असे शब्द होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका व्यापारी संकुलाच्या प्रकरणात म्हटले की हा ‘किंवा’ निरर्थक समजता येणार नाही. एखादी इमारत धंद्यात संयंत्राचेच काम करीत असेल तर कार्याच्या कसोटीवर ती संयंत्र ठरू शकेल. संसदेने २०२५ च्या वित्त अधिनियमाने ‘किंवा’च्या जागी ‘व’ घातला, आणि तोही १ जुलै २०१७ पासून लागू केला. एका उभयान्वयी अव्ययावर केवढी रक्कम तोलली गेली, हे यावरून दिसेल. मनोऱ्यांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये म्हटले की मनोरा मुळात स्थावरच नाही, तेव्हा व्याख्येतून वगळला म्हणून तो वजावटीच्या बंदीत सापडत नाही.

मग ज्याला कारखाना उभारावयाचा आहे, एखादी मोठी टाकी किंवा संयंत्र बसवावयाचे आहे, त्याने काय करावे? त्याने उभारणीपूर्वीच काही प्रश्न स्वतःला विचारावेत. ही वस्तू जमिनीसाठी आहे की जमीन तिच्यासाठी? पाया हलू नये म्हणून आहे की कायम राहावे म्हणून? काढून नेताना वस्तू शाबूत राहील काय? जागा स्वतःची आहे की मुदतीच्या भाड्याची? भाड्याच्या जागेवर उभारलेली वस्तू कायमची असावी, हे सहसा संभवत नाही. या प्रश्नांची उत्तरे करारात, नकाशात आणि हिशेबाच्या वह्यांत एकसारखी असावीत. बँकेकडे तारण ठेवताना यंत्र जमिनीचा भाग म्हणून लिहून द्यावे आणि कराधिकाऱ्याला ते फिरते म्हणून सांगावे, हे न्यायालयात फार काळ टिकत नाही.

आणि ज्यांना कारखाना उभारावयाचा नाही, अशा आपणा सर्वांना यातून काय घ्यावयाचे? करदात्याला कर किती, यापेक्षा कर कशावर, हे आधी ठाऊक असले पाहिजे. ही न्याय्य कराची पहिली अट होय. मनोऱ्याच्या वादाला अंतिम निर्णय मिळेपर्यंत मुंबईच्या निकालापासून दहा वर्षे गेली. या काळात कंपन्यांनी कर भरला असेल तर त्यांचा पैसा अडकला, आणि भरला नसेल तर सरकारचा. शेवटी त्याचा भार येतो तो दूरध्वनीचे बिल भरणाऱ्यावर आणि साखर, कागद, खत विकत घेणाऱ्यावरच. कायद्याचे शब्द सुरुवातीलाच नेमके लिहिले गेले, आणि सरकारने ज्या वस्तूला काल जंगम म्हटले तिला आज, केवळ महसुलासाठी, स्थावर म्हणण्याचा मोह आवरला, तर न्यायालयांचा किती वेळ वाचेल! यंत्रे जमिनीला जखडलेली असोत वा नसोत. कायद्याचा अर्थ तरी आपल्या जागी स्थिर असावा.